दूरचित्रवाणी संच घेताना : डोळा, अंतर आणि किंमत

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत कानपूर असो, कोइंबतूर असो की नागपूर असो, विद्युत उपकरणांच्या दुकानातील एक भिंत सर्वत्र सारखीच दिसते. वीस-पंचवीस दूरचित्रवाणी संच तेथे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांवर पोपटांचे पंख, उमललेली फुले अथवा समुद्रातळाची प्रवाळे झगमगत असतात. या भिंतीपासून चार-पाच फुटांवर एक कुटुंब उभे आहे, अशी कल्पना करावी. कित्येक महिन्यांच्या बचतीचे वीस हजार रुपये त्याच्यापाशी आहेत. विक्रेता एका संचाकडे बोट दाखवून म्हणतो, "आणखी पाच हजार घाला, हा घेऊन जा; चित्र चौपट स्पष्ट." समोरचे चित्र खरोखरच सुंदर असते. उरलेली रक्कम हप्त्याने फेडावी काय, असा विचार कर्त्या माणसाच्या मनात घोळू लागतो.

विक्रेता खोटे बोलत नाही. त्या संचावरील चित्रबिंदूंची संख्या खरोखरच चौपट असते. परंतु दुकानात ज्या परिस्थितीत तो संच पाहिला जातो, तीपैकी जवळजवळ काहीही घरी असणार नाही. घरी अंतर चार फुटांचे नसून आठ-नऊ फुटांचे असते. चित्र खास चित्रित केलेल्या फितीतून न येता छपरावरील तबकडीतून अथवा केबलच्या तारेतून येते. उजेडही दुकानातील दिव्यांचा नसून खिडकीचा अथवा एका नळीदिव्याचा असतो. चौपट स्पष्टतेपैकी किती भाग घरातील माणसांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचेल, हा प्रश्न दुकानात कोणी विचारीत नाही. आणि तुटपुंज्या रकमेत संच घेणाऱ्याने नेमका तोच प्रथम विचारावयास हवा. एकदा घेतलेला संच सात-आठ वर्षे घरात राहतो, आणि चूक झालीच तर तीही तितकीच वर्षे समोर राहते.

भारतात हा प्रश्न तसा नवा आहे. दिल्ली येथे 15 सप्टेंबर 1959 रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा लोक सामुदायिक संचांभोवती जमून कार्यक्रम पाहत. 1975-76 साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत जो शैक्षणिक प्रयोग झाला, त्यातही संपूर्ण गावाला मिळून एक संच होता. संच कोणता घ्यावा, याची चिंता तेव्हा प्रेक्षकास नव्हती. समोर काही हलते आहे व बोलते आहे, एवढेच पुरेसे होते.

डोळ्याची मर्यादा

मानवी डोळा कितीही सूक्ष्म वस्तू पाहू शकतो असे नाही. वर्तुळाचे 360 अंश आणि प्रत्येक अंशाच्या 60 कला, हे कोनमापन वाचकास शाळेपासून परिचित आहे. नेत्रतज्ज्ञ ज्या दृष्टीस निर्दोष मानतात, ती दृष्टी एकमेकांपासून सुमारे एक कला एवढ्या कोनाने दूर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखू शकते. त्याहून जवळचे दोन बिंदू तिला एकच भासतात. एक कला म्हणजे किती? एक मीटर अंतरावर सुमारे 0.29 मिलिमीटर. आठ फुटांवर, म्हणजे 2.44 मीटरवर, हेच माप 0.71 मिलिमीटर होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, आठ फुटांवर बसलेल्या मनुष्यास पाऊण मिलिमीटरहून लहान असलेला तपशील सुटा असा दिसतच नाही, मग तो पडद्यावर असो अथवा नसो.

आता हे माप पडद्यास लावून पाहू. संचाचा आकार त्याच्या कर्णाने सांगतात. बाजारात ज्याला 32 इंची म्हणतात, त्याच्या खोक्यावर 80 सेंटिमीटर असे छापलेले असते; 43 इंची म्हणजे 108 सेंटिमीटर. पडद्याच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण 16 : 9 असते. त्यावरून 32 इंची पडदा सुमारे 71 सेंटिमीटर रुंद व 40 सेंटिमीटर उंच, आणि 43 इंची पडदा सुमारे 95 सेंटिमीटर रुंद व 53 सेंटिमीटर उंच निघतो. 'एचडी रेडी' या नावाने विकल्या जाणाऱ्या पडद्यावर आडव्या ओळीत बहुधा 1366 चित्रबिंदू असतात, 'फुल एचडी' पडद्यावर 1920, आणि 'फोर के' पडद्यावर 3840.

रुंदीला या संख्यांनी भागले की एकेका बिंदूचे माप मिळते, आणि येथे एक मोठी सोयीची गोष्ट उघड होते. 32 इंची एचडी रेडी पडद्यावरील बिंदू 0.52 मिलिमीटरचा असतो; 43 इंची फुल एचडी पडद्यावरील बिंदू 0.50 मिलिमीटरचा. दोन्ही जवळजवळ सारखेच. एवढा बिंदू सुमारे पावणेसहा ते सहा फुटांपलीकडे गेले की डोळ्यास वेगळा दिसेनासा होतो. 43 इंची फोर के पडद्यावरील बिंदू पाव मिलिमीटरचा असतो, आणि तो ओळखण्यासाठी पडद्यापासून तीन फुटांच्या आत बसावे लागते. इतक्या जवळ बसून कोणी दूरचित्रवाणी पाहत नाही. लहान मुले बसतात, आणि त्यांना मोठी माणसे ओरडून मागे सारतात.

हे गणित ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. काही तरुण व निरोगी डोळे एका कलेहूनही थोडा सूक्ष्म भेद ओळखतात. उलट चाळिशी उलटलेल्या आणि चष्म्याचा क्रमांक न बदललेल्या डोळ्यांना तेवढाही ओळखता येत नाही. तरीही पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांतील भेद आठ फुटांवरून ओळखणारा डोळा विरळाच. म्हणून आठ-नऊ फुटांच्या खोलीत 43 इंची संचासाठी केवळ फोर के या नावापायी पाच हजार रुपये अधिक देणे म्हणजे जे दिसणार नाही त्याची किंमत मोजणे होय. दोन्ही प्रकारच्या संचांची किंमत सारखीच असेल तर गोष्ट निराळी. मग फोर के संच घेण्यास काही हरकत नाही.

आकाराचे तसे नाही. आकार कोणत्याही डोळ्यास दिसतो. 32 इंचांवरून 43 इंचांवर गेल्यास कर्ण सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, पण पडद्याचे क्षेत्रफळ 1.8 पट होते. बिंदू बारीक करण्यावर खर्च करावयाचा की पडदा मोठा करण्यावर, असा पेच असेल तर आठ फुटांवरून पाहणाऱ्याने सामान्यतः मोठ्या पडद्याची निवड करावी. मात्र यास एक अपवाद आहे, आणि तो भारतातील लक्षावधी घरांना लागू पडतो.

चित्र येते कोठून

दूरदर्शनची 'फ्री डिश' ही सेवा 2004 सालच्या डिसेंबरात सुरू झाली. एकदा तबकडी व पेटी विकत घेतली की मासिक शुल्क काहीच नाही. म्हणून मर्यादित उत्पन्नाच्या घरांत ती फार पसरली. या सेवेवरील आणि स्वस्त केबल-योजनांतील बऱ्याच वाहिन्या अजून जुन्या, साध्या प्रमाणाच्या चित्रातच येतात. या चित्रात उभ्या दिशेने 576 ओळी असतात. पडद्यावर चित्रबिंदू कितीही असोत, येणाऱ्या चित्रात तपशील इतकाच असतो. संच मधल्या जागा अंदाजाने भरून काढतो. तो नवा तपशील निर्माण करू शकत नाही.

हेच 576 ओळींचे चित्र 43 इंची पडद्यावर ताणले म्हणजे एकेक ओळ सुमारे 0.93 मिलिमीटर जाडीची होते. आठ फुटांवरील डोळ्याची मर्यादा 0.71 मिलिमीटर आहे, हे वर आलेच आहे. म्हणून चित्र पुसट दिसते, चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात आणि धावत्या चेंडूभोवती चौकडीसारखे ठिपके उठतात. 32 इंची पडद्यावर तीच ओळ 0.69 मिलिमीटरची होते आणि दोष डोळ्याच्या मर्यादेआड जेमतेम लपतो. अनेक घरांत नवा मोठा संच आल्यावर "जुन्या डब्यावर चित्र अधिक चांगले दिसत होते" अशी तक्रार ऐकू येते. ती काही केवळ जुन्याची ओढ नव्हे. तिच्यात पुष्कळ तथ्य असते. दोष संचाचा नसतो, आणि तो बदलून आणल्याने जातही नाही. ज्या घरात मुख्यतः अशाच वाहिन्या पाहिल्या जातात व बैठक सात-आठ फुटांवर असते, तेथे 32 इंची एचडी रेडी संच हा नाइलाजाने पत्करलेला पर्याय नसून योग्य पर्याय आहे. बैठक दहा फुटांपलीकडे असेल तर 43 इंची पडदाही चालेल.

आंतरजालावरून चित्रपट पाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. तेथे चित्र अधिक रेखीव मिळते, पण त्याची किंमत विदेच्या रूपाने द्यावी लागते. फुल एचडी दर्जाच्या चित्रास तासाला सुमारे तीन जीबी आणि फोर के दर्जाच्या चित्रास सुमारे सात जीबीपर्यंत विदा खर्च होते. ज्या घरात भ्रमणध्वनीवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात आणि त्यांतूनच मुलांचा अभ्यासही व्हावयाचा असतो, तेथे फोर के पडदा घेतला तरी फोर के चित्र त्यावर क्वचितच उमटेल.

बाजारात 32 इंची संचांची एवढी चलती का, यामागे तंत्राखेरीज करपद्धतीचेही एक कारण होते. 1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या संचांवर 18 टक्के वस्तू व सेवा कर होता आणि त्याहून मोठ्या संचांवर 28 टक्के. हा भेद 22 सप्टेंबर 2025 रोजी संपला व मोठ्या संचांवरील करही 18 टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत 20,000 रुपये असलेला संच त्यामुळे 25,600 रुपयांऐवजी 23,600 रुपयांना पडू लागला. त्या तारखेपूर्वीचे जुने सल्ले वाचून निर्णय करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

पडद्याच्या आत

दुकानातील फलकांवर एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी नावे असतात आणि ती एकाच शिडीच्या पायऱ्या असाव्यात असा समज होतो. वस्तुतः पहिली दोन नावे एकाच जातीच्या पडद्याची आहेत. तो पडदा द्रवस्फटिकांचा असतो.

द्रवस्फटिकांचा शोध 1888 साली फ्रीड्रिख राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास प्राग येथे लागला. गाजरातील कोलेस्टेरॉलपासून केलेले एक संयुग तापविले असता ते 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाले, आणि 178.5 अंशांस तोच द्रव एकाएकी स्वच्छ झाला. एका पदार्थाला दोन वितळबिंदू कसे असतील, या कोड्यातून पदार्थाची एक नवी अवस्था उलगडली. या अवस्थेत तो द्रवाप्रमाणे वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे विशिष्ट दिशेने मांडलेले असतात. विजेचा दाब देऊन ही दिशा बदलता येते. दोन ध्रुवकांच्या मध्ये अशा द्रवाचा पातळ थर ठेवला की प्रत्येक चित्रबिंदू ही एक लहानशी झडप बनते. विजेच्या दाबाने ती कमी-अधिक उघडते. स्वतः ती प्रकाश देत नाही. प्रकाश मागून येतो. पूर्वी तो बारीक नळ्यांतून येई, पुढे तो एलईडी दिव्यांतून येऊ लागला. तेव्हापासून हे संच 'एलईडी' म्हणून विकले जातात. ते दिवे मुळात निळे असतात व पिवळ्या लेपाच्या योगाने पांढरे दिसतात. निळा एलईडी घडविणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्यूएलईडीत लेपाऐवजी अतिसूक्ष्म पुंज-बिंदूंचा पापुद्रा असतो. रंग त्यामुळे अधिक गडद होतात, एवढाच फरक, झडपा त्याच. ओएलईडी मात्र खरोखरच वेगळा आहे. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि काळा रंग पूर्ण काळा राहतो. परंतु त्याची किंमत येथे विचारात घेतलेल्या रकमेच्या कितीतरी पलीकडे आहे.

झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून स्वस्त संचावर रात्रीचे दृश्य काळे न दिसता राखी दिसते. शिवाय तिरप्या बाजूने पाहिल्यास झडपेतून येणारा प्रकाश बदलतो व रंग उतरतात. या दुसऱ्या दोषावरील एका उपायाची मुळे भारतात आहेत. बंगलोर येथील रमण संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीसारख्या रेणूंच्या द्रवस्फटिकांचा शोध लावला. अशा चकत्यांचा पातळ पापुद्रा पुढे संगणकांच्या पडद्यांवर दृश्यकोन वाढविण्यासाठी वापरात आला. हा शोध मूलभूत संशोधन म्हणूनच झाला होता. त्याचा पडद्यांशी संबंध येईल, ही गोष्ट नंतरची.

आजच्या संचांत झडपांच्या दोन रचना प्रामुख्याने आढळतात. 'आयपीएस' या रचनेत बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत, परंतु काळा रंग फिका असतो. सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागांचे गुणोत्तर सुमारे हजारास एक भरते. 'व्हीए' या रचनेत हेच गुणोत्तर तीन हजारांहून अधिक असते, मात्र बाजूस बसणाऱ्यास चित्र धुतल्यासारखे दिसते. यांतील चांगली कोणती, हे खोली ठरविते. समोर एका सोफ्यावर दोघे-तिघे बसून रात्री दिवे मालवून पाहणार असतील तर व्हीए उत्तम. पण बहुसंख्य भारतीय घरांत खोली एकच असते. कोणी पलंगावर, कोणी दाराशी, कोणी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहून पाहते, आणि दिवा लागलेलाच असतो. तेथे आयपीएस अधिक उपयोगी. खोक्यावर रचनेचे नाव बहुधा नसते. तरी दुकानात एका बाजूस चार पावले सरकून पडद्यावरील माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे. चेहऱ्याचा रंग उडाला तर रचना कोणती ते कळते.

दुकानातील परीक्षा

दुकानातील संच बहुधा प्रदर्शनासाठी असलेल्या भडक व्यवस्थेवर लावलेले असतात. घरी तीच व्यवस्था ठेवल्यास डोळे लवकर शिणतात. विक्रेत्यास ती व्यवस्था साध्या पातळीवर आणावयास सांगावे, मग घरातील अंतर पावलांनी मोजून तितके मागे उभे राहावे आणि पोपटांऐवजी एखादी वृत्तवाहिनी लावण्याची विनंती करावी. वृत्तवाहिनीइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. तीत माणसांचे चेहरे असतात, आणि त्वचेचा रंग चुकला तर तो कोणासही तत्काळ कळतो. खाली धावती अक्षरपट्टी असते. देवनागरीतील वेलांट्या, मात्रा व जोडाक्षरे सरकताना फराटल्यासारखी दिसू लागली तर झडपा पुरेशा चपळ नाहीत असे समजावे. या बाबतीत जाहिरातीतील मोठमोठे आकडे फसवे असतात. पडदा सेकंदास खरोखर किती वेळा नवे चित्र दाखवितो, हा आकडा या वर्गातील संचांत सामान्यतः 60 असतो. त्याहून मोठे जे आकडे निरनिराळ्या नावांनी छापतात, ते पुष्कळदा गणिती करामतीचे असतात.

'एचडीआर' या अक्षरांचेही तसेच. या पद्धतीची चित्रे तयार करताना एक हजार निट किंवा त्याहून अधिक तेजस्विता गृहीत धरतात. स्वस्त संचाचा पडदा अडीचशे-तीनशे निटच्या आसपास थांबतो. संच ती चित्रे स्वीकारतो, एवढेच त्या अक्षरांवरून सिद्ध होते. दाखवितो असे नव्हे. त्यासाठी एक रुपयाही अधिक देऊ नये.

'स्मार्ट' म्हणविल्या जाणाऱ्या संचांत एक लहान संगणक असतो, आणि संचाचा हाच भाग सर्वांत आधी म्हातारा होतो. पडदा उत्तम चालू असतानाही तीन-चार वर्षांत नव्या सेवा त्यावर मंद चालू लागतात अथवा चालेनाशा होतात. तेव्हा संच टाकून देण्याचे कारण नाही. मागील एचडीएमआय खाचेत बसणारे एखादे लहान उपकरण घेतले की काम भागते. यास्तव पडदा व संगणक यांपैकी एकाचाच खर्च परवडत असेल तर तो पडद्यावर करावा.

आवाजाकडे दुकानातील गोंगाटात कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या खोकेवजा संचात ध्वनिवर्धकामागे पुरेशी हवा असे. आताच्या सडपातळ संचात ती नसते, आणि ध्वनिवर्धकाचे तोंडही बहुधा खाली असते. '20 वॅट' हा आकडा जोर सांगतो, स्पष्टपणा सांगत नाही. घरात वृद्ध माणसे असतील तर संवाद कळतात की नाही, हे दुकानात कान देऊन ऐकावे. घरी एखादी जुनी ध्वनिवर्धकांची जोडी पडून असेल, तर ती जोडता येईल अशी खाच मागे आहे ना, हेही पाहावे.

विजेचा खर्च क्षुल्लक वाटतो, पण सात-आठ वर्षांत तो साचतो. 40 वॅटचा संच रोज चार तास चालविल्यास वर्षाला सुमारे 58 युनिटे लागतात. 80 वॅटच्या संचास सुमारे 117. युनिटचा दर सात रुपये धरला तर हा फरक वर्षाला चारशे रुपयांवर आणि आठ वर्षांत सव्वातीन हजारांच्या घरात जातो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वार्षिक युनिटे छापलेली असतात. ताऱ्यांपेक्षा तो आकडाच वाचावा. वेगळा स्थिरक मात्र बहुधा लागत नाही. आजचे पुष्कळ संच 100 ते 240 व्होल्टपर्यंतचा दाब स्वतःच सांभाळतात, आणि तसे मागील पट्टीवर लिहिलेले असते. खरी भीती विजांची. पावसाळ्यात गडगडाट सुरू होताच भिंतीतील जोडणीबरोबर तबकडीची तारही काढून ठेवणे हाच उपाय आहे.

पडद्याची किंमत संपूर्ण संचाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असते. तो फुटला तर दुरुस्ती जवळजवळ नव्या संचाएवढी महाग पडते, आणि आघाताने झालेली हानी हमीत सामान्यतः येत नाही. खोलीत क्रिकेट खेळणारी मुले असतील तर संच भिंतीवर बसविण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. त्याचप्रमाणे, ज्या कंपनीचे सेवाकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी नाही तिचा संच हजार रुपयांनी स्वस्त असला तरी तो स्वस्त नव्हे.

शाळा व वाचनालये

शाळेसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी संच घेताना वरील विचार पुष्कळसा उलटा होतो. तेथे बैठक आठ फुटांवर नसते. शेवटच्या रांगेतील मूल सहा मीटरवर बसलेले असते आणि त्याला चित्राबरोबर अक्षरेही वाचावयाची असतात. अक्षर सहज वाचता यावे म्हणून त्याची उंची सुमारे वीस कलांइतकी तरी असावी. सहा मीटरवर हे माप 35 मिलिमीटर होते. 32 इंची पडद्याची एकूण उंची 40 सेंटिमीटर; ओळींमधील मोकळी जागा आणि वर-खाली जाणाऱ्या मात्रा व उकार धरले तर त्यावर पाच-सहा ओळींहून अधिक मजकूर मावत नाही. धड्यातील आकृतीच्या भागांची बारीक नावे शेवटच्या रांगेस वाचता येणारच नाहीत. मूल तसे सांगतही नाही. ते नुसते पडद्याकडे पाहत राहते. अशा ठिकाणी 55 इंची संच घेण्यासाठी आणखी एक वर्ष थांबणे बरे. तोवर लहान संच असेल तर मुलांना दोन गटांत पुढे बसवून दाखवावे. एवढ्या अंतरावर फुल एचडी बिंदूही कोणास दिसत नाहीत. तेव्हा बिंदू वाढविण्यावर केलेला खर्च वायाच जाणार.

संच लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीजवळ असावा. भारतीय घरांत व शाळांत तो पुष्कळदा दाराच्या चौकटीइतका उंच टांगलेला आढळतो. मान तर दुखतेच, शिवाय खालून तिरपे पाहिल्यामुळे व्हीए पडद्याचे रंगही उतरतात. समोरासमोर खिडकी येणार नाही, एवढे पाहिले की दिवसाही चित्र नीट दिसते.

उरतो जुना संच. तो काचेच्या नळीचा असेल तर त्या काचेत शिसे असते आणि नळीच्या आत निर्वात पोकळी. ती फोडली असता काचेचे तुकडे जोराने उडतात. म्हणून तो घरी उघडू नये व भंगारवाल्याच्या हातोड्याखालीही जाऊ देऊ नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या संचांचे नोंदणीकृत केंद्रात पुनश्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा संच घेतानाच जुना कोण व कोठे नेणार हे दुकानदारास विचारावे, आणि तो दिल्याची पावती नव्या संचाच्या देयकाबरोबर जपून ठेवावी.